गव्हावर डूख धरलेली काटवट

मी काटवट बोलतेय. भाकरीचं पीठ मळायची, बाभळीच्या लाकडाची, जड बुडाची. मी एकदा डूख धरला की सोडत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

सोजरबाईच्या लग्नात जेऊरच्या सुताराने मला कोरलं. वीस-पंचवीस वर्षं माझ्यात फक्त ज्वारी मळली गेली, माझ्यातच थापली गेली. मग तिच्या मुलाला सोलापुरात नोकरी लागली, घर शहरात आलं आणि माझ्या मांडीवर गहू येऊन बसला. सून चेतना म्हणाली, "आई, डब्यात भाकरी दिली की ऑफिसात हसतात ह्यांना." झालं. रोजची कणीक माझ्यात, सणाला पुरणपोळीची कणीकही माझ्यातच. कित्येक वर्षं मी दातओठ खात सोसलं. शेवटी स्टीलची परात आली आणि मला माळ्यावर रद्दीखाली टाकलं. तिथंच मी ठरवलं, या गव्हाला घराबाहेर काढीन तेव्हाच गप्प बसेन.

तो दिवस उत्कर्षाच्या दुखण्याने आणला. सोजरबाईची ही नात नऊ वर्षांची, पण दिसायची सहाची. पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या, सारखे जुलाब. जंताची औषधं झाली, दृष्ट काढून झाली. मग तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, सिलिॲक आहे. गव्हामुळे पोरीच्या आतड्याचं अस्तर खराब होतंय. चपाती, शिरा, शेवया, बिस्किटं कायमची बंद. ज्वारी, बाजरी, तांदूळ चालेल.

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या! गव्हाचा डबा गेला, रव्याची बरणी गेली. मला खाली काढून घासलं आणि परात भिंतीला टेकून उभी राहिली. मी तिच्याकडे डोळे भरून पाहून घेतलं. आजारी पोरीची त्या क्षणी मला आठवणही झाली नाही, हे खरं.

सोजरबाई गिरणीतून गव्हावर नव्हे, ज्वारीवरच दळलेली ज्वारी आणायची आणि हौसेने भाकरी थापायची. पण चार महिने झाले तरी उत्कर्षा अर्धी भाकरी खाऊन पोट धरून बसायची. वजन तिथंच. चेतना रडकुंडीला आली. आहार सांगणाऱ्या महेश्वरी मॅडमनी व्हिडिओ कॉलवर स्वयंपाकघर दाखवायला सांगितलं.

"आजी, भाकरी कशात मळता?"

"कशात म्हंजी? काटवटीत की."

"यात आधी कणीक मळायचात?"

"व्हय, लई वर्सं. पर घासून घेतलीया नव्हं."

"लाकडाच्या भेगांत पीठ अडकून राहतं, आजी. घासून जात नाही. स्टीलची परात नीट धुतली की चालेल."

मी गारच पडले. ज्याला हाकलल्याचा मला माज होता, तो माझ्याच भेगांत दडला होता. आणि मीच त्याला रोज पोरीच्या भाकरीत वाढत होते.

मला मागच्या दारी उन्हात टाकलं. हळूहळू उत्कर्षाचं पोट दुखायचं थांबलं. एक दिवस चेतना बाहेर गेली तशी सोजरबाईने मला पुन्हा आत आणलं. "परातीतली भाकरी ग्वाड लागत न्हाय बग," ती माझ्याशीच बोलली. "कडकडीत पाणी वतते, मग काय ऱ्हातंय?"

उन्हाने मी तडकायला आलेच होते. एरवी हट्टाने घट्ट राहिले असते. त्या दिवशी नाही राहिले. पाणी पडताच काठापासून काठापर्यंत उभी दुभंगले. सोजरबाई पदर डोळ्याला लावून बसली. मला तिचं वाईट वाटलं, गव्हाचं नाही.

आता मी मागच्या दारी दोन तुकड्यांत पडून आहे. चेतना दाराच्या चौकटीवर पेन्सिलने उत्कर्षाच्या उंचीच्या रेघा मारते. नवी रेघ जुनीपेक्षा चार बोटं वर आहे. आतून परातीत भाकरी थापल्याचा आवाज येतो, तो मी ऐकून घेते.

थंडी पडली की मला खुशाल बंबात घाला. तो गहू माझ्या भेगांत अजून आहे. आम्ही दोघं एकदमच जळू आणि माझा सूड पुरा होईल. फक्त त्यावर तापलेलं पाणी उत्कर्षाच्या अंघोळीला द्या.