गाईंच्या पोटातलं माळरान

माझा धंदा शिंप्याचा. कापड मोजायचं, कापायचं, शिवायचं, आणि गिऱ्हाईक जाड झालं असेल तर दोष कापडाला द्यायचा. गवताशी माझा संबंध आला तो लग्नामुळे. बायको उद्यान खात्यात आहे. हिरवळ आणि गवत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं तिने मला साखरपुड्याआधीच बजावलं होतं. मी मान डोलावली. तेव्हा मी कशालाही मान डोलावत होतो.

तिचा जीव होता पाण्याच्या जुन्या टाकीमागच्या माळावर. तिचे वडील तिथे पहारेकरी होते. ती आणि तिचा धाकटा भाऊ त्या माळावर लोळूनच मोठे झाले. आपल्याला तिथे नुसतं रान दिसतं. तिला पन्नासएक जातींची गवतं आणि फुलं दिसतात, आणि प्रत्येकाची ती इतक्या मायेने चौकशी करते की तेवढी माझ्या घरच्यांचीही कधी केली नसेल. त्यातलं लाडकं म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं एक निळं फूल. ते दुपार व्हायच्या आत मिटतं, म्हणून बहीणभावांनी लहानपणी त्याचं नाव झोपाळू ठेवलं होतं.

त्या माळावर नवी टाकी बांधायचं ठरलं. पाणी सगळ्यांनाच लागतं, त्यामुळे तिला धड भांडताही येईना. तिने एवढंच मागून घेतलं, की खोदाईच्या आधी बी धरलेलं गवत कापून न्यायचं. वस्तीबाहेर दगडाची एक बंद खाण होती. ती हिरवी करायचं काम तिच्याच खात्याकडे होतं. तिथे दुकानातलं पाकिटातलं बी पेरून झालं होतं, पण परमुलखातलं ते बी पहिल्याच उन्हाळ्यात माना टाकून मोकळं झालं.

"इथलंच बी हवं," बायको म्हणायची. "हे ऊन, ही माती, हा वारा अंगवळणी पडलेलं."

कापलेलं गवत बियांसकट त्याच दिवशी खाणीत पसरायचं, वाळता वाळता बी गळून मातीत बसतं, असा बेत होता. संधी एकच होती. पुढच्या आठवड्यात माळच राहणार नव्हता.

टेम्पो अर्थातच मेहुण्याचा. माझा मेहुणा मनाने सोनं आहे. डोक्याने काय आहे ते मी बायकोसमोर बोलत नाही. गवळ्याच्या गोठ्यावर चारा पोचवणं हे त्याचं रोजचं काम. सकाळपासून राबून आम्ही गवत कापलं आणि टेम्पो शिगोशीग भरला. "तू हो पुढे," बायको त्याला म्हणाली. "आम्ही खाली सांडलेलं झाडून घेतो आणि स्कूटरवरून येतो."

आम्ही खाणीत पोचलो तर तिथे टेम्पो नाही. वाट पाहून पाहून बायकोने फोन लावला.

"झालं ताई, उतरवलं पण," मेहुणा आनंदाने म्हणाला.

"कुठे उतरवलंस?"

 फोनमध्ये त्याच्या मागून एक गाय हंबरली.

गोठ्यावर गेलो तेव्हा गव्हाणी चाटूनपुसून स्वच्छ झाल्या होत्या. मेहुणा डोक्याला हात लावून बसला होता. "ताई, रोजच्या सवयीने स्टिअरिंगच वळलं गं."

"ते आपणहून वळत नाही," मी म्हणालो. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मी गव्हाणी बघू लागलो.

गवळी मात्र खूश होता. "मास्तर, असा चारा जन्मात बघितला नाही. एका गाईने मान वर केली असेल तर शपथ."

बायको रिकाम्या टेम्पोत चढली, फळ्यांच्या फटीत बोट घालून पाहिलं आणि तिथेच खाली बसली. रडली नाही.  रडला तो मेहुणा. तो माळ त्याचाही होता, हे माझ्या तेव्हा कुठे लक्षात आलं.

तेवढ्यात कडेच्या गाईने शेपूट वर केलं. बायको ते बघत राहिली आणि एकदम उठली.

"कडक कवचाचं बी गाईच्या पोटातून जसंच्या तसं बाहेर येतं," ती म्हणाली. "सगळं नाही, पण बरंचसं. तीन-चार दिवस येत राहील." मग गवळ्याकडे वळून तिने हात जोडले. "भाऊ, हे शेण मला द्या."

गवळ्याचा चेहरा पालटला. आजवर शेण न्या हो म्हणून तोच लोकांच्या विनवण्या करायचा. आता सरकारी बाई हात जोडून शेण मागते म्हटल्यावर कुठेतरी नक्कीच पाणी मुरत होतं.

"काय खायला घातलंत माझ्या गाईंना?"

"गवत."

"आणि शेणात काय आहे?"

"गवतच."

"वहिनी, मी काही दूधखुळा नाही," गवळी म्हणाला, आणि खाट ओढून शेणाच्या ढिगाशी पहाऱ्याला बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच माझ्या दुकानात हजर. दुधाला काय सुगंध आहे म्हणून गिऱ्हाइकं त्याच्या मागे लागली होती. "ते गवत आणखी मिळेल का?"

मी बायकोला बोलावून घेतलं. "होतं तेवढं तुमच्या गाईंनी संपवलं," ती म्हणाली. "पण दोन-तीन दिवस गाई खाणीत बांधा. उगवलं, तर पुढच्या वर्षी बी गळल्यावर गवत तुम्हीच कापून न्या."

"म्हणजे गाईंनी तिथे नुसतं उभं राहायचं?"

"उभं राहायचं, आणि जे करायचं ते करायचं."

"ते त्या कुठेही करतात."

"म्हणूनच घाई आहे," बायको म्हणाली.

मग निघाली आमची वरात. पुढे गवळी, मागे गाई, शेवटी कालच्या शेणाचा टेम्पो, आणि गाईंच्या पाठोपाठ बादली आणि खुरपं घेऊन मी. वाटेत पडेल ते सोडायचं नाही, असा हुकूम होता. गळ्यात टेप तसाच राहिला होता. "मास्तर, आता गाईंची मापं का?" एका गॅलरीतून आवाज आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नेमकी माझ्या दुकानासमोर शेवटची गाय थांबली आणि तिने शेपूट वर केलं. पायरीवर वकीलसाहेब कोटाच्या ट्रायलसाठी उभे होते. ते माझ्याकडे बघत होते, मी बादलीकडे. "उद्या या साहेब," एवढंच पुटपुटून मी पडलेलं पायाने पायरीखालच्या गटाराच्या कडेला सारलं आणि पुढे सटकलो.

"तेवढं राहिलं," बायको म्हणाली.

"तेवढ्याने काय होतंय?" मी म्हणालो.

माळ खोदायला घेतला त्या दिवशी बायको कामावर गेली नाही आणि मेहुण्याने टेम्पो बाहेर काढला नाही.

वर्षभराने खाणीत ताटाएवढी गोल गोल हिरवी ठिगळं उगवली. ठिगळं मला ओळखता येतात. ही चांगली बसली होती. बायको गुडघ्यांवर रांगत एकेकाचं नाव घेत होती आणि मेहुणा मागून प्रत्येक ठिगळाशी विचारत होता, "ताई, झोपाळू?" ती मान हलवायची. अर्ध्याअधिक जाती परत आल्या होत्या. ते नव्हतं.

"नाजूकच होतं ते," ती शेवटी म्हणाली. "गेलं." आणि वर्षभर न आलेलं रडू तिला तिथे आलं. फाटलेलं शिवणं हा माझा धंदा, पण मला तिच्या शेजारी नुसतं बसून राहण्यापलीकडे काही सुचलं नाही.

काही दिवसांनी सकाळीच वकीलसाहेब नव्या कोटासाठी आले. "मास्तर, पायरीशी काय रान माजवलंय? पाय अडकतो," म्हणत ते उपटायला वाकले. त्यांच्या बोटांमध्ये मला निळं काहीतरी दिसलं. मी हातातल्या कात्रीसकट बाहेर धावलो.

"साहेब, हात लावलात तर कोट शिवणार नाही."

ते कात्रीकडे बघत मागे सरकले. मी बायकोला फोन लावला. "आत्ता ये. दुपार व्हायच्या आत."

"दुपारी काय आहे?"

"दुपारी हे मिटतं."

ती आली ती तशीच रस्त्यात मांडी घालून बसली. मेहुणा आला आणि तिच्या शेजारी बसला. "ताई, झोपाळूच की गं हे," तो म्हणाला आणि डोळे पुसू लागला. बायको फुलाकडे बघत होती, मग तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"तेवढ्याने काय होतंय?" ती म्हणाली.

त्यानंतर बी पिकेपर्यंत माझी सगळी गिऱ्हाइकं, वकीलसाहेबांसकट, मागच्या दाराने दुकानात आली. बी पिकलं तेव्हा ते जेमतेम बटणांच्या डबीचा तळ झाकेल एवढं भरलं.

"ताई, मी खाणीत नेऊन पोचवू का?" मेहुण्याने विचारलं.

"नको," मी झटकन म्हणालो.

बायकोने डबी त्याच्या खिशात ठेवली, वरून बटण लावलं, आणि स्टिअरिंगवर नजर ठेवायला त्याच्या शेजारी चढून बसली.