मागच्या डाव्या दिव्याची कबुली

मित्रांनो, मी जुना आहे, मागचा आहे आणि डावा आहे. ओळख करून देताना याहून अभिमानाचं काही सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. गाडी चालवायला शिकवणाऱ्या एका मास्तरांच्या गाडीच्या पाठीमागे, डाव्या कोपऱ्यात मी बसतो. गाडी डावीकडे वळायची असली की उघडझाप करतो. लोक मला इंडिकेटर म्हणतात, मास्तर सिग्नल म्हणतात. मागून येणारे घाईतले लोक काय म्हणतात ते तुम्ही लहान असल्यामुळे सांगत नाही.

आपली कहाणी सांगायला बसलेल्या वस्तू सहसा आपल्यावर झालेला अन्याय सांगतात. कुणाला अडगळीत टाकलेलं असतं, कुणाला भंगारात विकलेलं असतं. माझी अडचण अशी, की माझ्यावर अन्याय झालेला नाही. माझ्यामुळे दुसऱ्यावर झाला.

माझा जन्म कारखान्यात झाला. एकाच काचेआड आम्ही तीन बिऱ्हाडं. पहिलं ब्रेकच्या दिव्याचं, लालभडक. तिसरं गाडी मागे घेतानाच्या दिव्याचं, पांढरं. मधे मी, नारिंगी. निदान माझी तरी तशी समजूत. मास्तर मला पिवळा म्हणत. मास्तरीणबाई जर्दाळू रंगाचा म्हणत. समोरच्या दुकानातल्या शिंपीणबाई एकदा माझ्याकडे डोळे बारीक करून म्हणाल्या होत्या, "संत्र्याच्या सालीचा, पण आतल्या बाजूचा नाही, बाहेरच्या." रंगाच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

मास्तरांचा माझ्यावर फार जीव. रोज सकाळी ओल्या फडक्याने मला पुसत, आणि कोपऱ्यातली धूळ निघाली नाही तर अंगठ्याचं नख लावत. सिग्नलच्या बाबतीत ते कमालीचे कर्मठ. रिकाम्या मैदानात वळतानासुद्धा सिग्नल द्यायला लावत.

"इथे कुणीच नाहीये, सर. सिग्नल कुणासाठी द्यायचा?" नवा विद्यार्थी विचारी.

"मैदानासाठी," मास्तर सांगत. "न बोलता वळतो तो चोर. आपण चोर आहोत का?"

असं होतं आमचं घर. इतकी इज्जत असूनही मी आतून कुढत असे, कारण माझा शेजारी. ब्रेकचा दिवा लागला की मागची सगळी रांग निमूट थांबायची. मी लागलो की लोक हॉर्न वाजवून पुढे घुसायचे. त्याचं म्हणणं म्हणजे हुकूम, माझं म्हणणं म्हणजे विनंती. मला वाटायचं, सगळी करामत रंगाची आहे. आपण लाल असतो तर!

मित्रांनो, मनातल्या सगळ्याच इच्छा पुऱ्या होत नाहीत हे फार चांगलं आहे. माझी झाली.

एका विद्यार्थ्याने, तो चांगला पोक्त कारकून होता, गाडी मागे घेताना ती थेट खांबावर घातली. माझं कव्हर फुटलं. मास्तरांनी गाडी गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रीने तोंडातली काडी या गालातून त्या गालात नेली आणि निदान केलं.

"ह्याचं कव्हर आता येत नाही, मास्तर. तुमची गाडी काढायचं बंद केलंय कंपनीनं."

"मग काय, उघडाच ठेवू त्याला?"

"दुसऱ्या गाडीचं आहे माझ्याकडे. कानशीने थोडं घासलं की बसेल. फक्त सगळंच लाल आहे, सिग्नलसुद्धा."

"चालतं का असं?"

"लुकलुकल्याशी कारण. लुकलुकलं की चाललं."

मास्तर विचारात पडले. मला वाटलं, आता हा कर्मठ माणूस नाही म्हणणार. मास्तर म्हणाले, "मग उजवीकडचंही बदल. एक डोळा एका रंगाचा आणि एक दुसऱ्या, बरं नाही दिसत."

वीस वर्षं दुसऱ्यांना 'मागून कसं दिसतं ते बघा' म्हणून सांगणाऱ्या माणसाने मागून दिसण्याचा एवढाच विचार केला. पण मी त्यांना काय बोलू? नवं कव्हर चढलं तेव्हा मी हरखून गेलो होतो. समोर उभ्या असलेल्या एका मोटारीच्या दारात मला माझं रूप दिसलं. शेजारी कुठे संपतो आणि मी कुठे सुरू होतो ते मलाही कळेना. मला तो माझा सन्मान वाटला. आज ते आठवलं की तार जळते.

लाल झाल्यावर तीन आठवडे गेले. मग ती दुपार आली. चारचं ऊन होतं, तिरपं, नेमकं आम्हा मागच्या दिव्यांच्या तोंडावर. मास्तर एकटेच गाडी चालवत घरी येत होते. घर डाव्या हाताला. त्यांनी ब्रेक दाबला, शेजारी पेटला. लगेच डावा सिग्नल दिला. मी लुकलुकलो, अगदी नियमाप्रमाणे, वळणाच्या पन्नास पावलं आधी. मागे स्कूटरवर शिंपीणबाई होत्या. त्यांना फक्त लाल दिसलं. शिकवणीची गाडी कुठेही, कशालाही ब्रेक मारते हे त्या रस्त्यावर सगळ्यांना माहीत. त्यांनी स्कूटर डाव्या बाजूने पुढे काढली. मास्तर वळले.

शिंपीणबाई उजव्या हातावर पडल्या. मनगट मोडलं.

दुकानात शाळेचे चाळीस गणवेश बेतून पडले होते आणि ज्या हाताने कात्री धरायची तो हात गळ्यात. पण रस्त्यावर बसल्या बसल्या त्या हाताबद्दल बोलल्याच नाहीत. पहिलं वाक्य त्या बोलल्या ते असं:

"मास्तर, तुम्ही सिग्नल दिला नाहीत."

"मी?" मास्तरांचा आवाज चिरकला. "मी सिग्नल दिला नाही? बाई, झोपेत कूस बदलताना सिग्नल देतो मी!"

"नाही दिलात. माझे डोळे अजून शाबूत आहेत. सुईत दोरा बिनचष्म्याचा ओवते मी."

"दिला होता!"

"नव्हता!"

आणि मित्रांनो, दोघंही खरं बोलत होते. ते फक्त मला माहीत होतं, आणि मला उघडझाप करण्यापलीकडे काही येत नाही.

या शिंपीणबाई मास्तरांच्या पहिल्या विद्यार्थिनी. पंचेचाळिसाव्या वर्षी त्या त्याच रिकाम्या मैदानात स्कूटरवर तोल सांभाळायला शिकल्या. लोक हसायचे, तेव्हा मास्तर त्यांच्या शेजारून धावायचे. वीस वर्षांत दोन्ही घरांत वाटीने देवाणघेवाण होती. ती बंद झाली. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण दुखावलेला मास्तर वर्गात काय करतो ते तुम्हाला शाळेत जाऊन माहीत असेलच. नव्या विद्यार्थ्यांना गाडीभोवती उभं करून ते सांगू लागले, "पुढच्या गाडीचे दिवे बघत चला, नाहीतर तुमची शिंपीणबाई होईल. आणि पडल्यावर खोटं तरी बोलू नका." विद्यार्थी हसत. समोरच्या दुकानाचं दार उघडंच असे.

मास्तर हे बोलताना हात कुठे ठेवत, माहीत आहे? माझ्या डोक्यावर. "हा बघा," म्हणत, "हा माझा साक्षीदार." आणि मी साक्षीदार, लाल, गप्प.

दोन आठवड्यांनी, चारच्या सुमाराला, शिंपीणबाई रस्ता ओलांडून आल्या. हात प्लास्टरमध्ये. मास्तर गाडी पुसत होते, ते पुसतच राहिले.

"मास्तर, तुम्ही सिग्नल दिला असेल," त्या म्हणाल्या.

फडकं थांबलं.

"काल डाव्या हाताने एक शिवण उसवत होते. लाल कापड, दोराही लालच. टाका सापडेना. बोटाला लागत होता, पण दिसत नव्हता. म्हटलं, टाका घातलाय तर खरा. मग तुमची गाडी आठवली. पूर्वी संत्र्याच्या सालीचा रंग होता ना इथे?"

"रंगाचं काय त्यात? लुकलुकतो की."

"मग दाखवा. मी जिथे होते तिथे उभे राहा, आणि बघा."

गाडी फाटकाशी, त्याच जागी, तशीच तिरपी उभी करण्यात आली. प्रश्न असा पडला की आत बसून ब्रेक कोण दाबणार. मास्तरीणबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"मी बसते."

"तुला येत नाही."

"वीस वर्षं खिडकीतून ऐकतेय. साऱ्या गावाला शिकवलंत, मला सोडून. डावीकडे क्लच, मधे ब्रेक, आणि मास्तर ओरडले की दोन्ही दाबायचे. येतं मला." त्या बसल्या.

मास्तर मागे जाऊन शिंपीणबाईंच्या शेजारी उभे राहिले.

"ब्रेक दाब!"

"दाबला."

"आता डावा सिग्नल दे."

आत टिकटिक सुरू झाली. मी सुरू झालो.

"दे ना!"

"दिलाय की!"

"अगं, डावा!"

"डावाच दिलाय! इथे आत कानाशी टिकटिक चाललीय. आणखी काय करू, खाली उतरून टाळ्या वाजवू?"

मास्तर एक पाऊल पुढे आले. मग आणखी एक. डोळे बारीक करून बघू लागले. त्यांच्यासमोर लाल चौकोन होता, नुसता लाल, भिंतीसारखा. त्या भिंतीच्या पोटात मी जीव तोडून लुकलुकत होतो. ते अगदी जवळ आले, वाकले, आणि त्यांनी शेजारच्या ब्रेकच्या दिव्यावर तळहात ठेवला. तेव्हा मी दिसलो.

"दिसला?" शिंपीणबाईंनी विचारलं.

"आता दिसला."

"मला हात ठेवायला वेळ नव्हता हो, मास्तर."

माणसं शरमेने लाल होतात असं मी ऐकलं आहे. माझी तीही सोय नव्हती, मी आधीच होतो. ज्या रंगाचा मला गर्व झाला होता त्यातच मी बुडालो होतो. वीस वर्षं मी एकच काम करत आलो, मागच्या माणसाला सांगायचं, सांभाळ, आम्ही वळतोय. आणि जिला सांगायलाच हवं होतं तिला माझा आवाज पोचला नाही, कारण मला शेजाऱ्यासारखं व्हायचं होतं.

"ब्रेक सोडू का आता?" आतून मास्तरीणबाई म्हणाल्या. "पोटरीत गोळा आला."

मास्तर उभे राहिले. शेवटी म्हणाले, "हात... कधी बरा होईल?"

"प्लास्टर महिन्याने निघेल. बोटं कधी वळतील ते डॉक्टरही सांगत नाहीत. गणवेश दुसरीकडे दिले शिवायला. आपण नंतर बोलू, मास्तर. आज मला फक्त एवढंच दाखवायचं होतं, की मी खोटं बोलत नव्हते."

त्या वळल्या आणि रस्ता ओलांडून गेल्या. वर्गातलं त्यांनी सगळं ऐकलं होतं, हे त्या बोलल्या नाहीत. त्यामुळे ते जास्तच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी चारला मास्तरांनी सगळ्या विद्यार्थ्यांना बोलावलं. गाडी त्याच जागी लावली, आत मास्तरीणबाई, आता सराईतपणे. एकेकाला मागे उभं केलं आणि विचारलं, "सिग्नल दिसतो?" एकेक जण डोळे चोळून "नाही सर" म्हणाला.

"मग सांगा, त्या दिवशी खोटं कोण बोललं?"

तो खांबावर गाडी घालणारा कारकून धीर करून म्हणाला, "कुणीच नाही, सर."

"चूक," मास्तर म्हणाले. त्यांनी आवाज चढवला, पण विद्यार्थ्यांसाठी नाही, समोरच्या उघड्या दारासाठी. "बाई खोटं बोलल्या असं मी वर्गात सांगत होतो. ते खोटं होतं. हे कळायला मला इथे उन्हात उभं राहायची गरज पडायला नको होती. वीस वर्षं ओळखतो मी त्यांना. त्यांनी 'दिसलं नाही' म्हटल्यावर मी त्याच दिवशी मागे जाऊन बघायला हवं होतं."

दारात कुणी आलं नाही. पण आतलं शिवणयंत्र, जे डाव्या हाताने अडखळत चाललं होतं, ते थांबलं, आणि बराच वेळ थांबलेलंच राहिलं.

मिस्त्रीने मग भंगाराचे तीन बाजार पालथे घातले आणि मूळचं नारिंगी कव्हर शोधून काढलं. तोवर मास्तर खिडकीतून हात बाहेर काढून वळत होते. मी पुन्हा नारिंगी झालो. शिंपीणबाईंची बोटं मात्र पुरती पूर्वीसारखी झाली नाहीत. कात्री चालते. बारीक टाका अजून हुकतो, तेव्हा त्या कापड उजेडाला धरून पुन्हा उसवतात. वाटीची देवाणघेवाण हळूहळू सुरू झाली आहे. एकदा वाटी रिकामीच परत आली, पण आली.

तर मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर मागच्या दिव्यांवरची धूळ पुसत जा, आणि फुटलेल्या कव्हरच्या जागी बसेल ते बसवू नका. आणि कुणी "मला दिसलं नाही" म्हणालं, तर ओरडण्याआधी त्याच्या जागी जाऊन उभे राहा. दहा पावलांचं तर अंतर असतं.

मास्तरांनी शिंपीणबाईंची माफी मागितली. माझी मागायची राहिली आहे. मला एकच गोष्ट करता येते, तीच मी करतो. वळताना त्या स्कूटरवर मागे असल्या की मी जीव तोडून लुकलुकतो. त्यांना वाटतं, गाडी डावीकडे वळतेय, एवढंच.