सत्यशीलाची बंदूक

अख्ख्या नांदूरघाटात माझ्याएवढा शहाणा शोधून सापडायचा नाही. मी शहादेव. मोबाइलवरच्या बंदुकीच्या गेममध्ये कुणी बंदुकीला काय जोडावं, हे सगळ्या गल्लीला मीच शिकवायचो. माणूस घाईचा असेल तर जवळचं बघायला लाल ठिपक्याची दुर्बीण, धक्का कमी करणारी मूठ, जास्त गोळ्यांचं मॅगझिन. थंड डोक्याचा असेल तर लांब नळी, सायलेन्सर, सहापट दुर्बीण. आधी माणूस बघा, मग बंदूक सजवा, असं मी सांगत फिरायचो.

माझी बायको सत्यशीला घाईची. दार दिसलं की आत घुसायची आणि घर साफ करूनच बाहेर यायची. मी मागं टेकडीवर पालथा पडून लांबून गोळ्या घालायचो. "तुमी हाका उंटावरून शेळ्या," ती म्हणायची. पण जोडी जमली होती. आमचे खेळ मी नेटवर टाकत गेलो आणि ते बघून पुण्याच्या एका टीमनं आम्हाला केजला बोलावलं. मंगल कार्यालयात दिवसभर सामने, त्यातून एक जोडी निवडणार. पुण्यात राहायला खोली आणि महिन्याला पगार.

दसरा बारा दिवसांवर आला होता. दसरा झाला की आम्ही दोघं ऊसतोडीला जातो. गेल्या हंगामात तिची कंबर गेली. पुन्हा मोळी उचललीस तर कायमची अंथरुणाला खिळशील, असं डॉक्टरनं तिला माझ्यासमोर बजावलं होतं. निवड झाली तरच ती वाचणार होती. हे मला पक्कं माहीत होतं, त्यामुळे माहीत नव्हतं म्हणायची सोय नाही.

कार्यालयात नवरानवरी बसतात त्या स्टेजवर खेळाडू बसवले होते. मागं मोठा पडदा, समोर शे-दीडशे माणसं. त्यात आमच्या ऊसतोडीच्या टोळीतला रामकिसन.

"काय बे शहादेव, आज बी बायकूच्या मागं लपतो का?" तो खुर्चीवरून ओरडला. लोक खदाखदा हसले.

उसाच्या फडात गडी ऊस तोडत पुढं जातो आणि बाई मागनं मोळ्या बांधत येते. माझ्या बापानं तसंच केलं, मीही तसंच केलं. घरी खेळताना कोण बघत होतं? इथं एवढ्या माणसांदेखत बायको पुढं आणि मी मागं, हे काही माझ्या घशाखाली उतरेना.

सामन्याआधी बंदुका ठरवून द्यायच्या होत्या, नंतर बदल नाही. सत्यशीला पाणी प्यायला गेली होती. मी तिचा फोन घेतला. तिच्या बंदुकीला लांब नळी आणि सहापट दुर्बीण लावली, माझ्या बंदुकीला लाल ठिपका आणि मूठ. दोन्हीकडं 'पक्कं' दाबून टाकलं.

ती आली आणि फोन बघताच थांबली. "आवं, ही माझी बंदूक न्हाई."

"मी पुढं जातो. तू मागनं ये."

"कावून? रोज तर मी जाते की."

"लोक बघायलेत. सांगतो तेवढं कर."

ती फोन घेऊन खुर्चीवर बसली.

पहिल्या डावात मी घरात शिरलो आणि दाराआडच मेलो. दुसऱ्या डावात जिन्यावर मेलो. दोन्ही वेळा ती मागं एकटी उरली आणि समोरचे दोघं तिच्या अंगावर धावून गेले. सहापट दुर्बिणीतून हातभरावरच्या माणसाच्या शर्टाचं बटण तेवढं दिसतं. तरी तिनं एकाला पाडला. दुसऱ्यानं तिला पाडलं. तीनातले दोन डाव गेले, तिसरा खेळायची गरजच राहिली नाही.

आम्ही स्टेजवरून खाली उतरलो तसा टीमचा माणूस आमच्याजवळ आला. माझ्याकडं त्यानं बघितलंही नाही.

"ताई, खरं तर तुमच्यासाठीच या जोडीला बोलावलं होतं," तो म्हणाला. "जवळून तुमच्यासारखं कुणी खेळत नाही. मग आज हे भलतंच काय लावलं बंदुकीला? कुणी सांगितलं?"

मी खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करायला लागलो. रामकिसन दोन हातांच्या अंतरावर उभा होता. ते खोटं कारण झालं. तो नसता तरी मी बोललो नसतो.

"माझ्याच हातून चुकलं, साहेब," सत्यशीला म्हणाली.

त्यानं मान हलवली, कागदावरच्या आमच्या नावांवर रेघ मारली आणि पुढच्या जोडीला हाक मारली.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी ट्रक आला. भांडी, सरपण, कोंबड्या आणि टोळीतली माणसं वर चढली. सत्यशीलानं ओढणीनं कंबर आवळून बांधली होती. मी हात दिला, पण ती ट्रकच्या मागच्या फाळक्याला धरून तिची तीच वर आली. मांजरसुंबा मागं पडल्यावर मी हळूच विचारलं, "त्या माणसाला खरं कावून न्हाई सांगितलंस? कदाचित तुला एकटीला घेतलं असतं त्यानं."

तिनं माझ्याकडं बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"खरं सांगायला तुमी बी तिथंच हुते की," ती म्हणाली.