सात वाजताचा हॉर्न

मास्तरांनी एकतीस वर्षांत चार हजारांवर माणसांना गाडी शिकवली. घरातल्या फक्त एकीला, मुलीला. बायकोने लग्नानंतर पहिल्याच वर्षी हात जोडले होते. "घरात मला मारता तेवढे ब्रेक पुरेत," ती म्हणाली होती, "रस्त्यावर आणखी नकोत."

गाडी पांढरी, बसकी, शिकवणीची. चालवणाऱ्याच्या पायाशी तीन पेडल आणि शेजारच्या सीटपुढे दोन, क्लच आणि ब्रेक. ही दोन मास्तरांची. शिकणारा गांगरला, ब्रेक सोडून भलतंच दाबून बसला, की मास्तरांचा उजवा पाय खाली जायचा आणि गाडी जागच्या जागी उभी राहायची. तेवढ्यात त्यांचं वाक्यही तुटत नसे. एकतीस वर्षांत त्या पायामुळे कुणाला खरचटलं नव्हतं.

मग काचबिंदू झाला. डावा डोळा जवळजवळ गेला. उजव्याने नळीतून पाहावं तसं दिसू लागलं. समोरचा खांब दिसे, खांबाआडून येणारा माणूस दिसत नसे. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं ते उरलेलं टिकवण्यासाठी. गेलेलं परत येणार नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा मास्तरांनी ऐकलं नसावं असं त्यांना वाटलं. मास्तरांनी ऐकलं होतं. त्यांनी स्वतः जाऊन परवाना परत केला, दारावरची पाटी उतरवली. गाडी मात्र विकू दिली नाही. गाडी चालू स्थितीत आहे तोवर शाळा बंद आहे, संपलेली नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. हे ते कुणाला बोलून दाखवत नसत, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

उभ्या गाडीची बॅटरी उतरते, हे त्यांनी चार हजार जणांना सांगितलं होतं. म्हणून रोज सकाळी सातला ते भिंत चाचपत शेडमध्ये जात, गाडी सुरू करत, पाच मिनिटं चालू ठेवत आणि बंद करत. अकराव्या आठवड्यात गाडीने नुसतं 'टक' केलं.

चौकातला बॅटरीवाला त्यांचाच विद्यार्थी, परीक्षेत दोनदा नापास झालेला. त्याने मीटर लावला. आकडा अकराच्या थोडा वर होता, हवा साडेबाराच्या आसपास.

"रोज सुरू करता, मास्तर?"

"रोज. घड्याळ लावून पाच मिनिटं."

"तिथंच घोडं पेंड खातंय. सेल्फ मारताना ती एका दमात जेवढी खर्चते, तेवढं पाच मिनिटं उभ्या उभ्या परत येत नाही. रोज थोडी थोडी मारलीत तुम्ही तिला."

"काळजी घेत होतो मी."

"काळजीनंच गेली," बॅटरीवाला म्हणाला. मग मास्तरांचा चेहरा पाहून त्याने आवाज उतरवला. "आता नवी बसवतो. पण एक तर घरच्या विजेवर छोटा चार्जर कायमचा लावून ठेवा."

"सलाईनवर ठेवू काय तिला?"

"नाहीतर निगेटिव्हची वायर काढून ठेवा. दोन-तीन महिने बघायला नको. मग मी नेऊन चार्ज करून आणीन."

"वायर काढलेली गाडी म्हणजे कपाट. त्यात गोधड्या भरून ठेवू मग."

"मग रस्त्यावर काढा. आठवड्यातून एकदा, अर्धा तास, चांगल्या वेगात..." इथे बॅटरीवाल्याने जीभ चावली.

दाराशी उभी असलेली बायको म्हणाली, "लेकीला सांगते."

लेक चाळिशीची, एका बांधकाम कचेरीत नकाशे काढणारी. ती दर रविवारी साडेआठला येऊ लागली. रस्ता ठरलेला होता. वसाहतीतून बाहेर, पाण्याच्या टाकीला वळसा, गोदामांच्या सरळ रस्त्याने पुलापर्यंत आणि परत. मास्तर शेजारच्या सीटवर, जुन्या जागी, दोन पेडलांवर पाय ठेवून.

"आरसा."

"बघितला, बाबा."

"बघितला म्हणू नकोस, बघ. तिसरा टाक. इंजिन रडतंय, ऐकू येत नाही? बायकांचे कान तिखट असतात म्हणे."

"आईचे आहेत. माझे तुमच्यावर गेलेत."

रोज गाडी सुरू करणं मास्तरांनी सोडलं. त्याऐवजी सकाळी सातला ते एकदाच हॉर्न वाजवत. आवाज स्वच्छ आला म्हणजे बॅटरी भरलेली. घोगरा आला तर उतरायला लागली. मीटरचा आकडा त्यांना दिसत नव्हता, पण हॉर्नवरून ते साधारण सांगत आणि बॅटरीवाला मीटर लावून म्हणे, "बरोबर, मास्तर." बायको त्या हॉर्नवर चहाचं आधण ठेवी. सात महिने असे गेले आणि हॉर्न एकदाही घोगरा झाला नाही.

आठव्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी गोदामांच्या रस्त्यावर मास्तरांना डावीकडून हॉर्न ऐकू आला. डावीकडे त्यांना काही दिसत नव्हतं. पाय खाली गेला. गाडी करकचून थांबली आणि मागून येणारी स्कूटर तिच्यावर आदळली.

स्कूटरवाल्याचा तळहात सोलला, गुडघा फुटला. "मोकळ्या रस्त्यात ब्रेक मारता? आंधळे आहात काय?" तो ओरडत होता. मुलगी खाली उतरून त्याच्याशी बोलली, पाण्याची बाटली दिली, रुमाल बांधला. मास्तर आत बसून राहिले.

ती परत आली तेव्हा त्यांनी विचारलं, "आडवं काहीतरी आलं ना?"

किल्ली फिरवायला तिला थोडा वेळ लागला. "कुत्रं होतं, बाबा."

"वाटलंच मला."

पुढच्या रविवारी तिला कचेरीचं काम निघालं. त्यानंतरच्या बुधवारी बायकोने मास्तरांना डोळे तपासायला नेलं. तपासणीची तारीख महिनाभर पुढे होती, पण ती म्हणाली, आज गर्दी नसते. तिथे दोन तास बसावं लागलं. परत आले तेव्हा शेडमध्ये वंगणाचा वास होता. बॅटरीवाला येऊन पाणी बघून गेला, असं शेजारी म्हणाले. मास्तरांना त्यात वावगं वाटलं नाही.

त्या रविवारी मुलगी साडेआठला हजर होती. मास्तरांनी मनाशी ठरवलं होतं, पाय पेडलांवर ठेवायचेच नाहीत. सीटखाली ओढून घ्यायचे. टाकीच्या वळणापर्यंत ते तसे राहिलेही. पुढे गोदामांच्या फाटकाशी नळीसारख्या नजरेत अचानक पांढरं काही आलं, हातगाडी असावी किंवा कुणाचा सदरा. ठरवलेलं ठरवल्या जागी राहिलं. पाय पुढे गेला आणि ब्रेक दाबला.

पेडल पार तळाला टेकलं. पाण्यात पाय घालावा तसं. खाली काहीच नव्हतं.

गाडी थांबली, पण सावकाश, नीट. मुलीने तिच्या बाजूचा ब्रेक दाबला होता. हातगाडीवाला आपल्या चालीने पार झाला. तिने पहिला टाकला आणि गाडी निघाली.

मास्तरांनी पाय उचलला. थोड्या वेळाने, ती आरशात बघत असावी अशा बेताने, पुन्हा हळूच दाबून पाहिलं. मग डाव्या पायाने क्लच. दोन्ही मोकळे. मास्तरांना आता वंगणाचा वास आठवला. डॉक्टरांकडचे दोन तासही आठवले.

पुलापर्यंत त्यांची एकही सूचना आली नाही. आरसा नाही, गिअर नाही.

"बाबा, आज शिकवणीला सुट्टी?"

"चाललंय की बरोबर."

गाडी शेडमध्ये लागली. तिने इंजिन बंद केलं, पण दार उघडलं नाही. मास्तरांनीही उघडलं नाही. बॉनेटखाली काहीतरी निवताना टिकटिकत होतं.

"बुधवारी काढलंत?" त्यांनी विचारलं.

तिने हो म्हटलं.

"पेडलं जोडणाऱ्या पिना कुठायत?"

"डिकीत. डब्यात घालून ठेवल्यात. दोन्ही पेडलांच्या. बाबा, मी सांगणार होते, पण आई म्हणाली..."

"त्या दिवशी कुत्रं नव्हतंच ना?"

"नव्हतं."

मास्तरांनी मान हलवली. तिच्या जागी ते असते तर त्यांनी हेच केलं असतं, आणि इतके दिवस थांबलेही नसते. ज्याला रस्ता दिसत नाही त्याच्या पायाखाली ब्रेक ठेवायचा नाही. हे कुणी शिकवायची गरज नसते, म्हणून त्यांनीही कधी शिकवलं नव्हतं.

"स्कूटरवाल्याचा हात कसा आहे?"

"बरा आहे. मी फोन करते अधूनमधून."

"चांगलं करतेस." मग ते म्हणाले, "दहा नंबरचा पाना दे."

"कशाला?"

"दे तर."

त्यांनी बॉनेट उघडलं. बॅटरी हाताने चाचपली, दोन टोकं, त्यांतलं निगेटिव्ह आधी. हे त्यांना डोळे चांगले असतानाही बघावं लागत नसे.

"बाबा, असं नका ना करू. मी येत जाईन दर रविवारी. तुम्ही बसा शेजारी. पूर्वीसारखंच."

"पूर्वीसारखं बसायला तिथे काय आहे?" ते रागाने बोलले नाहीत. पाना नीट बसतोय का तेवढंच त्यांचं लक्ष होतं. "आणि तू ये की. रविवारी चहाला ये. त्याला बॅटरी लागत नाही."

ती रडायला लागली, तेव्हा बायको स्वयंपाकघरातून शेडच्या दाराशी आली. तिने नवऱ्याच्या हातातला पाना पाहिला, मुलीकडे पाहिलं आणि काय झालं ते तिला विचारावं लागलं नाही.

"माझ्यावर ओरडा," ती म्हणाली. "पोरीवर नको. डॉक्टरांचं नाटक माझं होतं."

"ओरडतंय कोण? फडकं आण जुनं."

नट सैल झाला. त्यांनी वायर उचलली, ती परत जाऊन टेकू नये म्हणून टोकाला फडकं गुंडाळलं आणि बाजूला सारली. गाडीतलं घड्याळ विझलं. मुलीला ते काचेतून दिसलं. मास्तरांना दिसलं नाही, पण त्यांनी विचारलं, "घड्याळ गेलं?"

"गेलं."

"जायचंच."

सोमवारी सकाळी सातला ते सवयीने भिंत चाचपत शेडमध्ये गेले. तिथे पोचल्यावर करायला काही नव्हतं. दार उघडलं, आतला दिवा लागला नाही. शेजारच्या सीटवर बसायचं त्यांच्या मनात आलं नाही, चालवणाऱ्याच्या तर नाहीच. ते मागे जाऊन बसले.

या गाडीत ते मागे कधीच बसले नव्हते. मागे बसायचे ते आपला नंबर यायची वाट पाहणारे. एक चालवायचा, बाकीचे दोघं मागे गप्प. सीट मधोमध खचलेली होती. आधाराला त्यांनी पुढच्या सीटवर, म्हणजे स्वतःच्याच सीटच्या पाठीवर, हात ठेवला आणि त्यांचं बोट एका भोकात गेलं. कव्हर फाटून आतला फोम कोरला गेला होता, अंगठा जाईल एवढा. शेजारी आणखी एक भोक होतं, खाली तिसरं. कितीएक वर्षं, कितीएक घाबरलेल्या माणसांनी तिथे बसून नखाने ते उकरलं असणार, आणि पुढे बसलेल्या त्यांच्या पाठीला कधी कळलं नव्हतं.

बराच वेळ बोट तिथेच होतं.

शेडबाहेर चपला वाजल्या. बायको दाराशी थांबली. मागच्या सीटवर नवरा बसलेला तिने पाहिला.

"हॉर्न नाही आला," मग ती म्हणाली. "मला वाटलं, अजून सात वाजायचेत."

"वाजले," मास्तर म्हणाले. "ठेव तू आधण."