ब्रेक ऑइल सोमवारी येईल

मास्तरांनी बॉनेटखालच्या छोट्या टाकीचं झाकण फिरवून काढलं आणि आत पांढऱ्या चिंधीचं टोक बुडवलं. टोक बाहेर आलं ते कोऱ्या चहासारखं काळपट होऊन. त्यांनी ते सुनेपुढे धरलं.

"ब्रेक ऑइल बदलावं लागेल. याच्या भरवशावर घाट उतरायचा नाही."

"उद्या सकाळी निघायचंय, बाबा."

"मग आत्ताच आणतो की."

सगळा जन्म कपडे शिवण्यात गेला म्हणून लोक त्यांना मास्तर म्हणत. गाडीतलं त्यांना ओ की ठो कळत नसे. गाडी मुलाची. तो ती गॅरेजला द्यायचा नाही. ब्रेक ऑइलसुद्धा स्वतः बदलायचा, आणि बापाला आत बसवून पेडल दाबायला लावायचा. तेवढं एक काम बघून बघून मास्तरांना पाठ झालं होतं. मागच्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. त्याची आई तर कधीच गेली होती. घरात उरले सासरे आणि सून. आता सुनेला घाटापलीकडच्या गावात नोकरी लागली होती. तिनं जावं, असं सगळ्यांत आधी मास्तरच म्हणाले होते. म्हणताना जीभ कशी अडखळली नाही, याचं त्यांना अजून नवल वाटत होतं.

गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात दुकानदारानं त्यांच्यापुढे तीन बाटल्या मांडल्या.

"कुठलं देऊ, मास्तर?"

"चांगल्यातलं दे."

"असं नसतं हो. टाकीच्या झाकणावर काय लिहिलंय?"

"डॉट फोर."

"मग तेच न्या. हे थ्री लवकर उकळतं. घाट उतरताना ब्रेक तापले की आत बुडबुडे होतात आणि पेडल जातं पार तळाला. आणि हे जांभळं तुमच्या गाडीला चालतच नाही. जुन्यात मिसळत नाही ते."

"अस्तर कितीही भारी असलं तरी कापडाला धरायला हवं," मास्तर म्हणाले.

दुकानदार हसला. "घाटानं कोण निघालंय?"

"सून."

"परत कधी येणार?"

मास्तरांनी बाटली पिशवीत घातली आणि ते पायरी उतरले.

घराच्या व्हरांड्यात त्यांचं शिलाईचं मशीन कापड घालून झाकलेलं होतं. ते तिथं थांबले. आतून गादीच्या वळकटीला दोरी आवळल्याचा आवाज येत होता. त्यांनी मशीनवरचं कापड उचललं, बाटली खाली सरकवली, कापड नीट केलं आणि मगच चपला काढल्या.

"मिळालं?" सुनेनं वर न बघता विचारलं.

"संपलंय म्हणे. सोमवारी येईल."

"दुसरं कुठलं चालणार नाही?"

"छे. मिसळत नाही ते."

सुनेनं आवळलेल्या वळकटीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "बरं," ती म्हणाली. "मग सोमवारी."

संध्याकाळी साबण आणायला म्हणून ती बाहेर पडली. परत आली आणि वळकटी सोडून तिनं गादी पुन्हा अंथरली.

शनिवार गेला. रविवारी दुपारी तिनं नवऱ्याचं कपाट उघडलं. वर्षभरात दोघांनी त्याचं नाव काढलं नव्हतं. एकानं विषय काढला की दुसरा काहीतरी काम काढून उठायचा. आज ती एकेक शर्ट घडी करून मास्तरांच्या मांडीवर ठेवत गेली आणि मास्तर उठले नाहीत.

"हा तुम्ही शिवलेला."

"याचा खांदा बिघडला होता माझ्या हातून. एका बाजूला उतरलाय. त्याच्या लक्षात आलं नसावं."

"पहिल्या दिवशीच आलं होतं. म्हणून तर सारखा तोच घालायचे. 'बाबांची एकुलती एक चूक' म्हणायचे."

मास्तरांना हसू फुटलं आणि ते मध्येच भलतीकडे वळलं. त्यांनी शर्टाच्या खांद्यावरून अंगठा फिरवला. सून खिडकीतून बाहेर बघत राहिली. रात्री जेवताना ते ताटातला भात नुसताच चिवडत राहिले. हे दोन दिवस आपण चोरून आणलेत, आणि चोरी हिच्याच घरात केलीय, हे मनातून जाईना.

सोमवारी सकाळी त्यांनी बाटली पिशवीत घातली, मागच्या गल्लीला एक वळसा मारला आणि परत आले.

"आलं."

सून आत पेडलपाशी बसली. मास्तर मुलाचा पाना घेऊन मागच्या चाकापाशी आडवे झाले. चाकामागच्या ब्रेकच्या नटाला लावलेल्या नळीचं दुसरं टोक त्यांनी रिकाम्या बाटलीत सोडलं होतं.

"दाब."

तिनं दाबलं.

"धर."

त्यांनी नट ढिला केला. जुनं काळं तेल नळीतून सरसरत गेलं. नट पुन्हा आवळला.

"सोड."

चारही चाकं झाली. मध्ये मध्ये मास्तर उठून टाकीत नवं ओतत होते, आत हवा शिरू नये म्हणून. शेवटच्या चाकाच्या नळीतून स्वच्छ, पिवळसर तेल आलं तेव्हा त्यांना पाना खाली ठेवावासा वाटेना.

"बाबा," वरून सुनेचा आवाज आला. "शुक्रवारी संध्याकाळी मी त्या दुकानात गेले होते. म्हटलं, सोमवारी नक्की येईल ना ते विचारावं."

मास्तर जमिनीवर तसेच पडून राहिले. तिथून त्यांना गाडीच्या दाराबाहेर आलेला तिचा एक पाय तेवढा दिसत होता.

"मग बोलली का नाहीस?"

बाहेर आलेला पाय तिनं आत ओढून घेतला.

"मलाही सोमवारीच निघायचं होतं."

त्यांनी नट आवळला. आवळून झाला होता तरी आणखी थोडा आवळला. मग ते उठून हात पुसू लागले. तिनं पेडल दाबून बघितलं.

"घट्ट लागतंय. पण तुम्ही घाटाच्या पायथ्यापर्यंत चला. चालत्या गाडीत बघू."

मास्तर आहेत त्याच कपड्यांत शेजारी बसले. मागच्या सीटवर वळकटी आणि बॅगा होत्या. वाटेत ती दोनदा नुसती ब्रेक लावून बघायला थांबली आणि दोघंही पेडलकडे कान देऊन बसले. जणू तेच काहीतरी बोलणार होतं.

पायथ्याशी घाटाचा पहिला चढ जिथून लागतो तिथं बसचा थांबा होता. तिनं हलकेच ब्रेक लावला. गाडी कुठंही न ओढता, जराही धक्का न देता थांबली.

"छान लागतात," मास्तर म्हणाले आणि उतरले.

परतीची बस पलीकडच्या बाजूला थांबत असे. रस्ता मोकळाच होता, तरी तो ओलांडायला त्यांना खूप वेळ लागला.