तिसरा मुक्काम

अर्ज मिळालाच नाही, असं परवा तुम्ही फोनवर म्हणालात. ते खोटं आहे. माझा अर्ज तुमच्या टेबलावर, तुमच्या चहाच्या कपाखाली होता. मी दारातून पाहिला. कपाचा ओला गोल बरोबर माझ्या सहीवर उमटला होता, आणि तुम्ही मोबाईलवर क्रिकेट बघत होतात.

एकतीस वर्षं तुम्ही मला एकच प्रश्न विचारलात. पाणी किती? तुम्ही म्हणजे पाटबंधारे खात्याच्या त्या खुर्चीत त्या त्या वेळी जो कोणी बसला असेल तो. मी मल्हारी, सातवी शिकलेला, गोदावरीवरच्या आमच्या पुलावर पाणी मोजणारा. रोज सकाळी आठला मधल्या खांबावरची मोजपट्टी वाचायची, वहीत लिहायची, तुम्हाला कळवायची. पुरात दर तासाला. आधी वायरलेसवर, मग फोनवर. माझ्या लेकीच्या, शालूच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी मी पुलावर जाऊन आलो. ताप असताना गेलो. बाप वारला त्या सकाळी गेलो आणि मग तिरडी बांधली. ‘उद्या सांगतो’ असं मी एकदाही म्हणालो नाही. मग तुम्ही पुलाच्या कठड्याला आपोआप पाणी मोजणारा एक पांढरा डबा बसवलात, वर सोलरची पाटी लावलीत आणि मला शाल-नारळ देऊन घरी पाठवलंत. त्याचं मला काही नाही. डबा माझ्यापेक्षा पहाटे लवकर उठतो.

पण मी जन्मात एकदा तुम्हाला प्रश्न विचारला. तो का विचारला, ते आता चार लोकांसमोर सांगतो.

माझी बायको जयवंता हिचे दोन्ही गुडघे गेले. मेंढपाळाची पोर ती. लग्नापर्यंत तिच्या पायांनी जेवढी जमीन तुडवली तेवढी तुमच्या जीपने तुडवली नसेल. दिवाळी झाली की तिचा बाप मेंढरं घेऊन नदीकाठानं वर, आमच्या पुलाकडं निघायचा. लोकांच्या शेतात मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, पुढं जायचं. आमच्या पुलापासून तिच्या माहेरापर्यंत तीन मुक्काम. त्यातल्या तिसऱ्या मुक्कामाला, एका जुन्या लिंबाखाली, जयवंता जन्मली. दुसऱ्या दिवशी आईनं तिला पाटीत घातलं आणि वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळा तळ, पुढं हलला. बापानं लिंबाच्या बुंध्याला तीन दगड मांडून शेंदूर लावला होता. दरवर्षी जाता-येता ती त्या दगडांना पाणी घालायची. लग्न झालं, मी पुलाला बांधलेला माणूस, तीही माझ्याबरोबर बांधली गेली. पस्तीस वर्षांत ती तिथं गेलेली नाही.

आता तिथं रस्त्यानं जाता येत नाही. बंधाऱ्याचं पाणी चढलं आणि जुनी वाट बुडाली. गाडी उतरवते तिथून पुढं तासभर काळ्या रानातून बांधावरनं चालावं लागतं. जयवंता वॉकर धरून अंगणातल्या नळापर्यंत जाते.

गेल्या दिवाळीत ती भाकरी थापता थापता म्हणाली, “अवं, तुमी नदीवर एवढं पाणी मोजलं. त्या पाण्यावर बसून कधी गेले का कुठं?”

मी म्हणालो, “न्हाई.”

“मंग मला न्या. लिंबापशी. पाण्याला कुठं गुडघे लागतेत?”

मी हसलो. ती हसली नाही. त्या दिवसापासून मी वह्या काढल्या.

माझ्याकडं माझ्या नकला आहेत, सगळ्या सालांच्या. वरून पाणी सुटलं की आमच्या पुलाला किती वाजता लागतं, पुढच्या पुलाला किती वाजता, हे मला झोपेत विचारा. मी पंधरा दिवस बसून तक्ता केला. पहिल्या मुक्कामाला चार तास. दुसऱ्याला साडेपाच. तिसऱ्याला पाच. चौथ्या दिवशी दुपारी माहेर. स्टोव्ह, तांदूळ, पिठाचा डबा, जयवंताच्या गोळ्या, कंदील. आष्टीच्या बाजारातून निळी ताडपत्री आणली. दुकानदाराला वाटलं कापूस झाकायला नेतोय. मी म्हणालो, तंबू ठोकायचाय. तो म्हणाला, “मामा, कुण्या पक्षाचा?”

तक्ता घेऊन मी भुजंगकडं गेलो. भुजंग भोई, मासे धरतो. त्याचा चप्पू आहे, म्हणजे थर्माकोलच्या जाड लाद्या खताच्या गोण्यांत भरून, बांबूला बांधून केलेला तराफा. आमच्या काठाला होडी म्हणाल तर हीच.

भुजंगनं तक्ता उलटा धरला, सुलटा धरला.

“मामा, हे आकडे कुठल्या सालचे हायेत?”

“मोठा पूर आल्ता त्या सालचे. सगळ्यात पक्के हायेत.”

“मंग मामीला पुरात न्यायचंय का?” तो असा हसला की जाळं हातातून सुटलं. “अवो मामा, पाणी आता चालतच न्हाई. बसून राह्यलंय. खालच्या बंधाऱ्यापासून तुमच्या पुलापर्यंत नुसतं तळं झालंय. तुमी चप्पूत बसून वाट पाह्यली तर होळीला बी इथंच दिसताल.”

मला राग आला. भुजंगचा नाही. घरी येऊन मी अलीकडच्या वह्या उघडल्या. गेल्या सात-आठ वर्षांत हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे तोच आकडा. मीच लिहिलेला, माझ्याच अक्षरात. रोज आठ वाजता मी पुलावर उभा राहून पाणी बघत होतो आणि ते थांबलंय हे मला दिसलं नव्हतं. मला वाटायचं, बरं झालं, काम सोपं झालं. तक्ता फाडून चुलीत घातला.

जयवंतानं विचारलं, “काय झालं?”

“पाणी चालत न्हाई म्हणतो भुजंग. हातानं वल्हवत न्यावं लागंल. तो एकटा चार दिवस कसा वल्हवंल? मला तर जमायचं न्हाई, खांदा दुखतो.”

ती पीठ मळत राहिली.

संक्रांतीनंतर एका सकाळी भुजंगच आला. त्यानं आठ लाद्यांचा मोठा चप्पू बांधला होता. आमच्याकडची प्लास्टिकची खुर्ची मागून घेतली, करवतीनं तिचे चारही पाय अर्धे कापले आणि चप्पूच्या मधोमध सुतळीनं आवळली.

“मही चांगली खुर्ची कापली मेल्यानं,” जयवंता म्हणाली.

“मामी, सिंहासन केलंय. बसा जल्दी.”

मी आणि भुजंगनं तिला दोन बाजूंनी धरून काठावरून उतरवलं. चिखलात तिची चप्पल राहिली. ती बसली. चप्पू डगमगला, तिनं दोन्ही हातांनी खुर्ची धरली, डोळे मिटले. भुजंग मागून वल्हवायला लागला. पन्नास पावलं गेलो असू. चप्पू डावीकडं वळायला लागला, कारण सगळं वजन माझ्या अंगाला होतं. भुजंग ओरडला, “मामा, दुसरं वल्हं घ्या की!”

मी हात पुढं केला त्याच्या आत जयवंतानं वल्हं उचललं.

“तू राहू दे.”

“कामून? हात साबूत हायेत की महे.”

त्या हातांनी तिनं पोरसवदा वयात पावसात अडकलेली कोकरं छातीशी धरून ओढ्यापार नेली होती. लोकर पिंजली होती, एवढी वर्षं जात्याचा खुंटा ओढला होता. गुडघ्यांच्या नादात आम्ही सगळे, डॉक्टरसकट, ते हात विसरून गेलो होतो. तिनं वल्हं पाण्यात घातलं, आपल्याकडं ओढलं, परत घातलं. चार-पाच वेळा पाणी माझ्याच तोंडावर उडालं. मग नाही उडालं. चप्पू सरळ झाला.

“मामी, माझ्यासंगं मासे धरायला येता का?” भुजंगनं विचारलं.

“तुझे मासे कोण खातंय? आमच्या घरात मटण लागतं.”

आम्ही पुलाखाली गेलो. मी मधला खांब जन्मभर वरून वाचला होता. खालून पहिल्यांदाच पाहिला. पट्टीच्या एका बाजूला शेवाळ, एका फटीत साळुंकीचं घरटं. मी हात लावला. थंड होता.

जयवंता म्हणाली, “तुमचं हाफिस का हे?” आणि वल्हं मारत पुढं गेली.

त्या दिवशी नवा बेत ठरला. मधे दोन बंधारे. चप्पू उचलून बंधारा ओलांडणं अवघड, म्हणून भुजंगनं पलीकडच्या त्याच्या सोयऱ्यांना सांगितलं. प्रत्येक बंधाऱ्याच्या खाली दुसऱ्या भोयाचा चप्पू तयार. आम्ही फक्त सामान आणि खुर्ची हलवायची. खुर्चीत जयवंता.

शालूला फोन केला. ती जालन्याला मस्तगडात राहते, जावयाचं कपड्याचं दुकान आहे.

“आबा, डोकं ठिकाण्यावर हाये का तुमचं? मायला बाथरूमला न्यायला दोन माणसं लागतेत, आन तुमी तिला नदीत घेऊन चालले?”

जयवंतानं माझ्या हातातून फोन घेतला. “शालू, म्हणून तर नदीत चालले. तिथं कुठं उंबरा हाये?”

फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला. मग शालू म्हणाली, “रडू नको माय.”

“रडतंय कोण? तूच रडून राह्यलीस.”

आठ दिवसांनी एसटीच्या पार्सलनं दोन नारिंगी लाईफ जॅकेट आली. पाठोपाठ फोन, घालून फोटो पाठवा, मंगच मही परवानगी. आणि चौथ्या दिवशी माहेरी ती स्वतः गाडी घेऊन येणार. बाईला फोटो काढायचा कंटाळा, पण त्या दिवशी जयवंतानं साडी बदलून वर जॅकेट घातलं आणि तीन फोटो काढायला लावले. दोन पसंत पडले नाहीत.

मग भुजंगनं ती गोष्ट सांगितली जी आधी सांगायला हवी होती.

“मामा, एक काम तेवढं तुमी करा. बंधाऱ्याचे दरवाजे कधी उघडणार ते इचारा. गेल्या साली न सांगता उघडले. मी जाळं लावून बसल्तो. अर्ध्या घंट्यात पाणी असं धावलं की चप्पू गेला, जाळं गेलं, मी बाभळीला धरून राह्यलो. मी पोहणारा माणूस. मामी खुर्चीला बांधलेल्या.”

“दरवाजे उघडायच्या आधी भोंगा वाजवतेत की.”

“कुठं ऐकला तुमी?”

मी आठवून पाहिलं. अलीकडं ऐकला नव्हता.

“चार दिवस दरवाजे बंद हायेत एवढं कळलं की निघू. न्हाई कळलं तर मी मामीला नेणार न्हाई. बिलकुल न्हाई. तुमी मला शिव्या द्या.”

शिव्या कोणाला द्यायच्या हे मला कळतं.

तर मी अर्ज घेऊन तुमच्याकडं आलो. तुमच्या बाबूनं कागद वाचला.

“प्रयोजन काय लिहू मामा?”

“फिरायला जायाचंय.”

“फिरायला असं नसतंय. पिकाला, प्यायला, न्हाईतर राख सोडायला. पाण्याचं लोक ह्या तीनच कामांला इचारतेत.”

“मंग चौथं लिहा.”

“चौथा रकानाच न्हाई.”

मी त्याच्याच पेनानं समासात लिहिलं, ‘बायकोला तिच्या जन्माच्या जागी नेणे.’ तो हसला. शिक्का मात्र मारला. पोच माझ्याकडं आहे, तारखेसकट. म्हणून सांगतो, खोटं बोलू नका.

दुसऱ्या खेपेला तुम्ही बैठकीत होतात. तिसऱ्या खेपेला मी तो कप पाहिला. शालूनं तुमच्या कार्यालयाला मोबाईलवरून तक्रार टाकली, तिला आपोआप उत्तर आलं की आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. आणि परवा तुम्ही फोनवर म्हणालात, “मामा, नदी काय तुमच्या सहलीसाठी आहे का?”

मग कोणासाठी आहे? आणि मी पाणी अडवा असं म्हणालोच नाही. खाली हरभरा उभा आहे, गहू आहे, त्यात माझाही दीड एकर आहे. सोडा की पाणी. आज सोडा, नाहीतर पंधरा दिवसांनी सोडा. आम्ही आमचे चार दिवस मागं-पुढं सरकवू. नदीकाठाला राहणाऱ्या माणसाला नदी कधी उठणार हे आधी कळू नये, हा कुठला कारभार? वरच्या डब्यातून तुम्हाला क्षणाक्षणाला सगळं कळतं. खाली बाभळीला धरून बसणाऱ्याला काही कळत नाही.

आमची तयारी झाली आहे. ताडपत्री गुंडाळली आहे. शेंदराची पुडी जयवंतानं पिठाच्या डब्यात ठेवली आहे, ओली होऊ नये म्हणून. रोज ऊन वर आलं की ती त्या कापलेल्या खुर्चीत अंगणात बसते आणि पाट्याच्या दगडाला दोरी बांधून तो आपल्याकडं ओढते, सोडते, ओढते. दंड भरलेत म्हणते. शेजारच्या कांताबाईनं विचारलं, “जयवंताबाई, हे काय करून राह्यल्या?” तर म्हणाली, “माहेराला चाल्ले.”

येत्या सोमवारी निघायचं आहे. शुक्रवारी मी तिला घरी परत आणीन.

माझं काम मी अजून करतो, डबा असला तरी. आज सकाळी आठ वाजता पुलावर गेलो होतो. मधल्या खांबावर पाणी तीन मीटर चाळीस. काल तेवढंच होतं. वारा नाही, पाणी नितळ आहे.

मी माझा आकडा दिला. आता तुम्ही सांगा. सोमवार ते गुरुवार, दरवाजे उघडणार आहात की नाही?