परक्याचं हाड

सालकिनच्या पायांनी संप पुकारायचाच काय तो बाकी होता. किर्गिझस्तानातल्या ओश शहराच्या इस्पितळात, तपासणीच्या प्रयोगशाळेत हाडांचं काम करणारी ती एकटीच उरली होती. जोडीदारीण रशियाला निघून गेली; तिच्या जागी माणूस येणार, येणार म्हणत दोन हिवाळे सरले. येतंय कोण! जग एकमेकांना चुना लावतं, ही बाई हाडांतला चुना काढत बसते. तो निघून हाड मऊ पडल्याशिवाय त्याचा पातळ काप निघत नाही, आणि काप नाही तर सूक्ष्मदर्शकाखाली डॉक्टर बघणार काय, कपाळ? संथ द्रावणात ठेवलं तर दोन आठवडे लागतात, पण पेशींना धक्का लागत नाही. कडक आम्ल एका दिवसात काम उरकतं. मात्र हाड त्यात जरा जास्त राहिलं की पेशींची पार वाट लागते, मग त्यांना रंगच चढत नाही.

त्या सोमवारी आलेल्या बरणीवर बेगायीमचं नाव होतं. सालकिनच्या थोरल्या भावाची ही मुलगी, एकोणीस वर्षांची. बरणी येणार हे ठाऊक होतं, तरी सालकिनने नाव दोनदा वाचलं. पोरीचा गुडघा महिनाभर सुजलेला होता. सर्जनने आडपडदा न ठेवता सांगितलं होतं: कॅन्सर निघाला तर पाय मांडीपासून काढायचा, साधं जंतूंचं दुखणं निघालं तर औषधांवर भागेल. आतला, गुडघ्यातून काढलेला हाडाचा तुकडा जेमतेम वाटाण्याएवढा होता. सालकिनने तो संथ द्रावणात सोडला.

तिसऱ्या दिवशी झूरा वहिनी, बेगायीमची आई, थेट प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. सालकिनचा भाऊ मॉस्कोहून तासातासाला फोन करतो, पोरगी अन्नाला शिवत नाही, भिंतीकडे तोंड करून पडते, असं सगळं सांगून झालं. सालकिनने तिला बसवलं, चहा दिला आणि हाडाला वेळ का लागतो ते समजावलं. वहिनीने त्यातलं नेमकं एवढंच ऐकलं की एका दिवसाचाही रस्ता आहे.

"एका दिवसात होतं म्हणतेस, आणि मला दोन आठवडे जाळतेस?" ती म्हणाली. "आपलं माणूस आत असून आम्ही परक्यांसारखं ताटकळत बसायचं? मग तुझा उपयोग काय गं?"

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर सालकिनने त्याला दाराबाहेरची वाट दाखवली असती. पण नवऱ्याने टाकल्यावर ती तीन वर्षं याच वहिनीच्या घरी राहिली होती. तीन वर्षांत वहिनीने तिला एका शब्दाने हिणवलं नाही, की ताटातला घास मोजला नाही. तिला नाही म्हणायला तोंड कुठून आणायचं? वहिनी गेल्यावर सालकिनने तुकडा काढला आणि कडक आम्लात टाकला.

संध्याकाळी सुई टोचून पाहिली तर मधे अजून कडक लागत होतं. आणखी दोन तास पुरले असते. पण दोन तास थांबायचं म्हणजे शेवटची बस जाणार, आणि पाय तर असे ठणकत होते की जीव नकोसा झाला होता. आम्लात थोडं पाणी घालते, सकाळपर्यंत काही होत नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली आणि घरी गेली. सकाळी तुकडा चिमट्याखाली लिबलिबत होता. ती काय समजायचं ते समजली.

तरी तिने काप काढले, काचांवर चढवून रंगवले आणि ते तपासणाऱ्या डॉक्टर रइसा इवानोव्नांपुढे ठेवले. डॉक्टरीणबाईंनी एकेक काच पाहिली. पेशींच्या केंद्रांवर निळा रंग दिसायला हवा होता. तिथे सगळं एकसारखं गुलाबी. हे आम्लात किती वेळ होतं, असं त्यांनी विचारलं. सालकिनने खरं ते सांगितलं. बाई ओरडल्या नाहीत. चष्मा काढून डोळे चोळत त्या म्हणाल्या की यावरून काहीच सांगता येणार नाही, नवा तुकडा काढावा लागेल. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सालकिनला वाटलं.

वहिनी बाहेर बाकावर बसलीच होती. सालकिनने तिच्याशेजारी बसून सांगितलं, की पोरीला पुन्हा भूल द्यावी लागेल, पुन्हा हाड कापावं लागेल.

"मी घाई केली म्हणून?" वहिनीने विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. "नाही. चूक माझी आहे," सालकिन म्हणाली. वहिनीने हातातला रुमाल घडी करून पिशवीत ठेवला आणि ती निघून गेली.

आठवड्याने पोरीच्या गुडघ्यातून पुन्हा तुकडा काढला. या वेळी बरणी वहिनीच घेऊन आली. दारातूनच तिने ती पुढे केली.

"या वेळी परक्याचं समजून कर," ती म्हणाली. "परक्यांची हाडं तू नीट करतेस."

सालकिनने तुकडा संथ द्रावणात ठेवला, रांगेत सगळ्यांच्या मागे. रोज द्रावण बदललं आणि सुईला हातही लावला नाही. चुना पुरता उतरलाय की नाही हे क्ष-किरणाने पाहून घेतलं. वहिनी रोज येऊन बाकावर बसायची, पण दार एकदाही ठोठावलं नाही.

शेवटी रइसा इवानोव्नांनी काच पाहिली, पुन्हा पाहिली आणि म्हणाल्या, क्षय आहे. हाडाचा क्षय. वर्षभर गोळ्या घ्याव्या लागतील, पाय राहील.

सालकिन ठणकत्या पायांनी धावतच बाहेर आली. ऐकताच वहिनीने तोंडावर हात धरला आणि भिंतीला टेकून हमसून हमसून रडली. सालकिनने तिला जवळ घ्यायला हात पसरले. वहिनी डोळे पुसून सावरली, पिशवीत हात घालून तिने चॉकलेटचा चकचकीत डबा काढला आणि सालकिनच्या पसरलेल्या हातांत ठेवला. पेशंटचे नातेवाईक डॉक्टरांना देतात तसला, वर सोनेरी फीत बांधलेला.

"तुम्ही फार कष्ट घेतलेत," असं म्हणून मान लववून ती पोरीच्या वॉर्डाकडे चालू लागली.

सालकिनने डबा ठेवून घेतला. देणारं घरचं माणूस असतं तर नको म्हणता आलं असतं.